शेवग्याखालची जागा

पिल्लू आमच्या घरी आलं ते दोऱ्याच्या खोक्यातून. नवरा सायली गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे सिंथेटिक दोरा तयार होतो, त्याचे मोठाले कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, खोक्यांत भरून गाड्यांवर चढवतात. गोडाऊनच्या मागे एक गावठी कुत्री व्यायली होती. उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास, सगळं गाव माना वर करून पतंग बघत असताना, ती रिव्हर्स येणाऱ्या कंटेनरखाली सापडली. बाकीची पिल्लं कामगारांनी नेली, एक उरलं. नवऱ्याने ते रिकाम्या खोक्यात घातलं, खाली वाया गेलेल्या दोऱ्याचा गुंता अंथरला आणि खोकं मोटरसायकलच्या टाकीवर धरून टोकरखाड्यातल्या आमच्या घरापर्यंत आणलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खरं तर त्याने ते माझ्यासाठी आणलंच नव्हतं. आणलं होतं सासूबाईंसाठी.

सासरे त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते. धुळ्याकडच्या गावात सासूबाई एकट्या उरल्या, म्हणून नवऱ्याने गाय विकली, घराला कुलूप लावलं आणि दिवाळीनंतर त्यांना इकडे आणलं. त्या आल्या, पण राहायला आल्यासारख्या आल्या नाहीत. बाल्कनीच्या दारापाशी त्यांची खाट घातली होती, तिच्या कडेवर बसून असायच्या. पाहुण्या बाईसारख्या. विचारलं तेवढं बोलायच्या. मी सकाळी शाळेत, नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलणारी, खालच्या मजल्यावर गुजराती कुटुंब, समोर उत्तर प्रदेशातलं. दुसरा मजला असल्यामुळे त्या खालीही उतरत नसत. इथं माझी बोली कोणाले समजत नही, असं एकदा म्हणाल्या आणि तो विषय संपवला.

आणि आल्या आल्याच त्यांनी सांगून टाकलं होतं की आखाजीला त्या गावी जाणार. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरोघर मातीची घागर पाण्याने भरून पुजतात, वर खरबूज आणि सांजोरी, म्हणजे गोड सांजा भरलेली पुरी, ठेवतात, गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात असं मानून त्यांच्या नावाने घास टाकतात. सासऱ्यांच्या नावाची ही पहिली घागर. ती घरी भरायला हवी, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण सासूबाईंचं वाक्य तिथे संपत नसे. घागर भरते आन मग तिथंच राहते, असं त्या म्हणत. त्यांना रक्तदाब आहे, एका डोळ्याला नीट दिसत नाही, गावात जवळचं माणूस नाही. नवरा हे ऐकून शर्टाच्या बाह्या दुमडत बसायचा. त्याला फार भीती वाटत होती आणि ती बोलून दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याच्या घरात भीती वाटली की माणसं काहीतरी घेऊन येतात. त्याने पिल्लू आणलं.

मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे कुत्रा अंगणात असतो, घरात नसतो. पण आणलंच आहे तर त्याला वळण लावायला हवं, आणि वळण लावणं हा माझा धंदाच आहे. मी मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. ज्या पोरांना नव्वद अंशाचा कोन काढता येत नव्हता त्यांना मी भूमितीत पास केलंय, तेव्हा एवढंसं कुत्र्याचं पिल्लू काय, असं मला वाटलं. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. सगळे एकच सांगत होते: झोपून उठलं की बाहेर न्या, खाल्लं की बाहेर न्या, खेळलं की बाहेर न्या, जिथे करायला हवं तिथे केलं की लगेच बिस्किट द्या, आणि ओरडू नका. शेवटचं सोडून सगळं मला जमण्यासारखं होतं.

खाली कंपाउंडच्या भिंतीला लागून मातीचा एक पट्टा आहे. तिथे शेवग्याचं झाड आहे. ती जागा मी ठरवली. पिल्लाला घेऊन जिना उतरायचा, शेवग्याखाली उभं राहायचं, ‘शू कर, शू कर’ असं म्हणत राहायचं. येणारी-जाणारी माणसं बघत. शाळेतल्या एखाद्या पोराची आई दिसली की मी फोनवर बोलत असल्याचं सोंग करायची. पिल्लू इकडे-तिकडे हुंगायचं, पाला चावायचं, मुंग्यांच्या मागे जायचं, माझ्या चपलेवर डोकं ठेवून बसायचं. जे करायला आणलं ते सोडून बाकी सगळं करायचं. मग कंटाळून मी त्याला वर आणायची, दाराची कडी काढायची, आणि ते आत शिरून, शांतपणे, उंबऱ्याला लागून मुतायचं.

कधी करील याचा नेमच नव्हता. एखादा दिवस सकाळभर काही नाही, की दुपारी लागोपाठ दोनदा. कधी खाल्ल्याबरोबर, कधी खाल्ल्यानंतर कितीतरी वेळाने, कधी झोपेतून उठून डोळे मिटलेलेच असताना चालत जाऊन. मी दोष नवऱ्याच्या पाळ्यांना दिला. पहिली पाळी असली की पिल्लाला पहाटे दूध मिळायचं, दुसरी असली की दुपारी, रात्रपाळी असली की तो सकाळी येऊन त्याला उठवायचा आणि खाऊ घालून स्वतः झोपायचा. ज्या घरात माणसांच्याच जेवणाची वेळ दर सोमवारी बदलते, तिथे कुत्र्याच्या पोटाने कुठलं घड्याळ पाळायचं, असं मी त्याला सुनावलं.  पुढच्या आठवड्यापासून दुधाची वेळ मी माझ्या हातात घेतली. फरक पडला नाही.

वेळेचा पत्ता नव्हता, पण जागा मात्र ठरलेल्या होत्या, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. बाहेरच्या दाराचा उंबरा. सासूबाईंच्या खाटेचा डोक्याकडचा पाय. स्वयंपाकघराचं दार. आणि देवघराच्या समोरची फरशी. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्याला या चारच जागा आवडायच्या. देवघर म्हणजे काय, हॉलच्या कोपऱ्यातलं एक लाकडी फडताळ. पण सासूबाई आल्यापासून तो कोपरा हेच त्या घरातलं त्यांचं घर होतं. तिथेच त्यांची पूजा, तिथेच माळ, तिथेच सासऱ्यांचा फोटो. आणि पिल्लू बरोबर तिथे जाऊन बसायचं.

सासूबाई चिडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. हातात काठी घेतली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणायच्या, याले बरोबर देवाचीच जागा सापडते. मग मी फिनाईलने फरशी पुसायची. माझं पुसणं त्यांच्या हिशेबी पुसणं नव्हतंच. मी बादली उचलली की त्या गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, फडताळातून बाटली काढायच्या आणि तुळशीच्या डहाळीने त्या जागेवर गोमूत्र शिंपडायच्या. रोज आंघोळीनंतरही शिंपडायच्याच, पण ते चार-दोन थेंब. पिल्लाने घाण केली की मात्र अगदी मोकळ्या हाताने.

ते गोमूत्र आणायची मी. हे सांगताना मला आजही हसू येतं आणि थोडा रागही येतो. आमच्या शाळेतल्या एक बाई रांधा नावाच्या गावाहून येतात, त्यांच्याकडे गायी आहेत. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून मीच आपणहून चौकशी केली होती. दुकानातलं बाटलीबंद त्यांना चालत नसे, त्याला खरा वास नही म्हणायच्या. मग त्या बाई दर आठवड्याला पाण्याच्या बाटलीत ताजं आणून द्यायच्या. ती बाटली स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर दिसली की शेजारच्या जणी आपापल्या बाटल्या उचलून घ्यायच्या. पिल्लू आल्यापासून एक बाटली आठवडाभर पुरेना. मी दोन मागायला लागले. त्या बाईंनी कौतुकाने विचारलं, घरात मोठं काही कार्य आहे का. मी म्हटलं, आहे.

एव्हाना घरात तीन मतं झाली होती. माझं मत, पिल्लू हट्टी आहे. नवऱ्याचं मत, त्याला आईची सवय झालीय म्हणून ते तिच्याच आसपास करतं. हे त्याने मोठ्या प्रेमाने सांगितलं, सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सासूबाईंचं मत, हे घर त्याचं आहे, आपलं नही. त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर समजूत काढता आली असती. पण त्या अगदी नीट विचार करून म्हणाल्या. म्हणाल्या, ते लहान शे, त्याले टाकू नका. मी तसंबी आखाजीले जातेच आहे. म्हणजे ज्याला त्यांना थांबवून धरायला आणलं, तेच त्यांना जाण्याचं कारण होऊन बसलं होतं. नवऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता.

मार्चमध्ये सासूबाईंच्या भाच्याचं लग्न निघालं. नवरा त्यांना भाच्याच्या गावी पोचवून आला. आठ-दहा दिवस त्या तिकडे होत्या.

आणि पिल्लू शहाणं झालं. एक-दोन दिवसांत. मी शेवग्याखाली नेलं की हुंगायचं, गोल गोल फिरायचं आणि बसायचं. मी बिस्किट द्यायची. घरात एकदाच केलं, तेही मी शाळेतून यायला उशीर केला म्हणून. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. नवऱ्याला सांगितलं की दुधाची वेळ माझ्या हातात आल्याचा हा परिणाम. तो म्हणाला, मी त्याच्याशी बोललो. दोघेही खूश होतो. सासूबाई परत येतील तेव्हा घर कोरडं असेल, आणि मग कदाचित आखाजीनंतर त्या परत यायला तयार होतील, एवढी आमची आशा.

त्या आल्या त्या दिवशी रविवार होता. आल्या, आंघोळ केली, पूजा केली. इतक्या दिवसांत देवासमोर कुणी धड दिवाही लावला नव्हता, त्यामुळे त्यांनी बाटली घेतली आणि घरभर शिंपडलं. उंबरा, खाट, स्वयंपाकघराचं दार, देवासमोरची फरशी. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पिल्लू खोक्यातून उठलं, आळस दिला, आणि नाक जमिनीला लावून उंबऱ्यापाशी गेलं. थेंब जिथे पडला होता तिथे त्याने नाक टेकवलं. खूप वेळ. मग गोल फिरलं आणि बसलं.

मी भूमिती शिकवते. पक्षात काय दिलंय ते नीट वाचा, असं रोज पोरांना सांगते. आणि माझ्या नाकासमोर इतके दिवस जे होतं ते मला तेव्हा दिसलं. त्या बिचाऱ्या जिवाला आम्ही खाली नेऊन सांगत होतो की इथे कर, आणि घरात चार ठिकाणी पाटी लावून ठेवली होती की मुतायची जागा ही. त्याला शब्द कळत नव्हते, वास कळत होता. तो गाईचा की आणखी कुणाचा, गाय पवित्र की नाही, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने घाण केली की आम्ही ती पाटी पुन्हा रंगवायचो, जरा ठळक. आणि रंगाचा डबा रांध्याहून टोकरखाड्यात मी माझ्या पर्समधून वाहून आणत होते.

मला आधी हसू आलं. मग फरशी पुसता पुसता ते गेलं, कारण हे आता सासूबाईंना सांगायचं होतं.

दुपारी त्या झोपल्यावर मी नवऱ्याला बाल्कनीत बोलावून सांगितलं. तोही हसला. मग म्हणाला, बाटलीत पाणी भरून ठेवू, चिमूटभर हळद टाकू, तिला नीट दिसत नाही, कळणार नाही. मी म्हटलं, नाक आहे त्यांना. तो म्हणाला, थोडं खरं मिसळू. मला राग आला. आईला देवासमोर फसवायचं आणि मग तिने इथे राहावं म्हणून हात जोडायचे, हे मला पटेना. मग तू सांग, असं मी म्हणाले. तर तो म्हणाला, मी कसं सांगू, तिला वाटेल मी तिच्या देवाला कुत्र्याच्या मुतारीत नेऊन बसवलं. बाप गेल्यापासून तो आईशी फार जपून बोलायचा. माझ्यावर आलं.

मी बरेच दिवस टाळलं. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. जी गोष्ट त्यांच्या लेखी सगळ्यात शुद्ध, तीच कुत्र्याला खुणेची वाटते, हे त्यांना सांगायचं म्हणजे त्यांच्या उरल्यासुरल्या जगाला हात लावायचा. नवरा गेला, गाय गेली, अंगण गेलं, बोली गेली. बाटली राहिली होती. ती काढून घेणारी मी कोण? आणि नाही सांगितलं तर त्या आखाजीला जाणार. त्या जाव्यात असं मला वाटत नव्हतं. पहिल्यांदा आल्या तेव्हा वाटलं होतं थोडं, पण आता नाही. संध्याकाळी शाळेतून आल्यावर खाटेवर कुणीतरी बसलेलं असतं, ते मला हवंसं वाटायला लागलं होतं.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली. एका दुपारी त्या खाटेवर बसून कापसाच्या वाती वळत होत्या. मी शेजारी बसले, कापूस हातात घेतला आणि एकदाचं सांगून टाकलं. आई, ते त्याच जागी का जातं, ते मला कळलंय. तिथे त्याला मुताचा वास येतो.

“फिनाईलनी तर पुसतेस तू,” त्या म्हणाल्या.

“त्याच्या मुताचा नाही. तुम्ही शिंपडता त्याचा.”

त्यांनी वात पूर्ण वळली, ताटलीत ठेवली. दुसरी घेतली नाही. पिल्लू खाटेखाली झोपलं होतं, त्याच्या अंगावर दोऱ्याचा एक धागा चिकटला होता. मी बोलत राहिले. तुम्ही गावी होतात तेव्हा त्याने घरात केलं नाही, तुम्ही आलात त्या दिवशी केलं, असं सगळं सिद्धतेसारखं मांडत गेले. शेवटी मलाच माझा आवाज नकोसा झाला आणि मी थांबले. मला वाटलं आता त्या उठून फडताळाकडे जातील, किंवा रडतील.

त्या म्हणाल्या, “मले वाटलंच होतं, त्याचा काही दोष नही.”

त्यांनी वातींची ताटली बाजूला सरकवली.  नंतर त्या बोलायला लागल्या, आणि आल्यापासून इतकं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या. गावच्या घरात त्या जिथे झोपायच्या त्या भिंतीच्या पलीकडे गोठा होता. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून गाईचा वास भिंतीतून यायचा. पहिल्यांदा नाक दाबून झोपल्या, मग त्याच्याशिवाय झोप येईना. सासरे गेल्यावर त्या वासाने त्यांना सांभाळलं. गाय विकली त्या संध्याकाळीसुद्धा वास होता. इथे आल्या तर घराला वासच नाही. फरशीला फिनाईलचा, लेकाच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा, आणि बाकी काही नाही.

“खाटेपाशी टाकलं का झोप लागे मले,” त्या म्हणाल्या. “देवासाठी म्हणत होते मी. देवाले काय, त्याले कुठंबी चालतं.”

 मी इतके दिवस त्यांच्या श्रद्धेला धक्का लागेल म्हणून घाबरत होते, आणि ती श्रद्धा नव्हतीच, किंवा नुसती श्रद्धा नव्हती. त्यांना घराची आठवण येत होती. एवढं साधं. आणि मी, सून म्हणून फार चांगली वागतेय या समजुतीत, दर आठवड्याला बाटली आणून देत होते आणि कशासाठी हवी हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला. ठेवला. त्यांनी काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सासूबाईंनी पूजा केली, बाटली घेतली आणि घरात कुठेच न शिंपडता दारात जाऊन चपला घातल्या. मला म्हणाल्या, त्याचा पट्टा दे. मी म्हटलं, जिना आहे, मी येते. ये, म्हणाल्या, पण पट्टा मीच धरते. एका हातात कठडा, कोपराशी बाटली, दुसऱ्या हातात पिल्लू ओढतंय, अशा त्या एकेक पायरी उतरल्या. मी दोन पायऱ्या खाली उलटी चालत होते, पडल्या तर धरता यावं म्हणून. शेवग्याखाली त्या थांबल्या. बाटलीचं झाकण काढलं आणि बुंध्याशी मातीवर धार धरली. डहाळी वगैरे काही नाही. पिल्लाने नाक खुपसलं, गोल फिरलं, आणि बसलं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. माणसं आडोशाला बसली असली की आपण वळवतो तसं.

नंतर म्हणाल्या, जागा आपणच चुकीची सांगत होतो त्याले.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्या खाली जायला लागल्या. खालच्या मजल्यावरची गुजराती बाई ओट्यावर भाजी निवडत बसते. तिने एकदा पिल्लाला पोळीचा तुकडा टाकला, मग बोलणं निघालं. ती सासूबाईंना ‘बा’, म्हणजे आई, म्हणते. सासूबाईंची अहिराणी आणि तिची गुजराती कशी काय जुळली मला माहीत नाही, पण ‘आहे’साठीच्या हिच्या ‘शे’ आणि तिच्या ‘छे’ यांच्यात फार अंतर नाही म्हणतात. मी एकदा शाळेतून येताना बघितलं तर दोघी कैरीच्या लोणच्यावरून वाद घालत होत्या. दोघींचाही आवाज चढला होता. मी जिना चढून वर गेले तरी त्यांचं चालूच होतं. घर मोकळं होतं, फरशी कोरडी होती, आणि मी सोफ्यावर बसून थोडी रडले. कशासाठी, ते तेव्हा कळलं नाही.

पण आखाजीचं काही बदललं नव्हतं. त्यांनी तो विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही. नवऱ्याने रजा घेतली होती, तिकीट काढलं होतं. जाताना दोघांचं आणि येताना एकाचं. ते त्याने मला सांगितलं तेव्हा तो टॉवेलची घडी करत होता, आणि ती घडी त्याने चार वेळा मोडली. पिल्लाला वळण लागलं होतं, माझं गणित सुटलं होतं, पण ज्यासाठी हे सगळं मांडलं ते तसंच होतं.

मी नेहमीसारखी रांध्याची बाटली आणली. सासूबाईंनी ती हातात घेतली, उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी आणू नको. शेवग्याखाली आता लागत नाही, ते आपलं आपण जातं. मी म्हटलं, खाली लागत नाही, पण वर ठेवा ना थोडं. खाटेपाशी. पिल्लू आता मोठं झालंय, त्याला समजेल. तुम्हाला झोप कशी लागेल?

“याचा येतो ना वास,” त्या म्हणाल्या. पिल्लू त्यांच्या खाटेवर, पायापाशी पसरलं होतं. ते तिथे कधीपासून झोपायला लागलं होतं, मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी नवरा पहिली पाळी करून आला. त्या खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या की बाजारातून एक मातीची घागर घेऊन ये, चांगली वाजवून घे, गळकी आणू नको. आणि खरबूज आण. सांजोऱ्या मी करते.

नवऱ्याला काही कळेना. म्हणाला, घागर इथून कशाला न्यायची, गावात मिळेल की.

“न्यायची नही,” त्या म्हणाल्या. “इथंच भरायची.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी पोळ्या लाटत होते ते लाटणं तसंच धरून उभी राहिले. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्या तोंडातून निघालं ते भलतंच. लहान मुलासारखा म्हणाला, “आई, बाबा इथं कधी आलेच नाहीत. एकदाबी नाही. त्यांना हे घर सापडेल का?”

 सासूबाई पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

“याले जागा समजली,” त्या म्हणाल्या. “त्यांले नही समजणार का?”